विषमता आपोआप ओसरत नाही

देश आधी श्रीमंत होऊ द्या, विषमता मागाहून आपोआप कमी होईल, हा युक्तिवाद आजही इतक्या ठामपणे केला जातो की त्याचा पाया किती कच्चा आहे हे सांगणे मला आवश्यक वाटते. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये असे मांडले की शेतीकडून उद्योगाकडे वळणाऱ्या समाजात उत्पन्नातील दरी प्रथम रुंदावते आणि पुढे कमी होते. त्यांच्यासमोर अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनी यांची तुटपुंजी आकडेवारी होती, आणि आपल्या निबंधात जेमतेम ५ टक्के माहिती व ९५ टक्के तर्क आहे, असे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. त्यांचा हा प्रामाणिकपणा लोक विसरले आणि तर्काचा मात्र नियम करून बसले.

विसाव्या शतकाच्या मध्यास औद्योगिक देशांतील दरी खरोखरच कमी झाली होती, परंतु त्याचे श्रेय केवळ कारखान्यांना देता येत नाही. दोन महायुद्धे आणि महामंदी यांत मोठमोठ्या संपत्तीची वाताहत झाली, कामगार संघटना बळकट झाल्या, आणि अमेरिकेत १९४४ मध्ये आयकराच्या सर्वोच्च टप्प्याचा दर ९४ टक्क्यांवर गेला. तोच दर १९८८ मध्ये २८ टक्क्यांवर आला, दरम्यान संघटनाही दुबळ्या झाल्या, आणि औद्योगिकीकरण केव्हाच पूर्ण झालेल्या त्याच देशात दरी पुन्हा वाढू लागली.

विकसनशील समाजांत तर बहुसंख्य कामगारांकडे लेखी करार, निवृत्तिवेतन किंवा आजारपणाची भरपगारी रजा यांपैकी काहीच नसते. एका दुखण्याने घरातली शिल्लक संपते आणि मुलाचे शिक्षण सुटते. अशा रीतीने आर्थिक स्थान वारशासारखे पुढच्या पिढीकडे जाते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१८ च्या अंदाजानुसार तळाच्या उत्पन्नगटातील कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचण्यास डेन्मार्कमध्ये २, तर कोलंबियात ११ पिढ्या लागतील. ११ पिढ्या थांबायला सांगणे आणि वर गरिबाच्या कष्टांत कमतरता शोधणे, हे मला अन्यायाचे वाटते.

याउलट दक्षिण कोरिया आणि तैवान यांनी मोठे उद्योग उभे राहण्यापूर्वीच जमिनीचे फेरवाटप केले आणि प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेले. त्यानंतरच्या वेगवान वाढीच्या काळात तेथील विषमता इतर अनेक विकसनशील देशांच्या मानाने कमी राहिली. ‘आधी वाढ, मग वाटप’ असे सांगणाऱ्यांनी तेथे हा क्रम नेमका उलटा का होता, याचे उत्तर द्यावे.