स्वतःची काळजी घ्या, सबमिशन शुक्रवारी आहे

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना एकदम तुमची काळजी वाटू लागते. वर्षभर कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये तुमचं नाव ठळक अक्षरांत लावणारे सर ग्रुपवर लिहितात, ‘ताण घेऊ नका, स्वतःची काळजी घ्या.’ त्याखाली लगेच दुसरा मेसेज, ‘जर्नल (प्रॅक्टिकलची वही) पूर्ण नसेल तर ओरलला (तोंडी परीक्षेला) बसू देणार नाही.’ या दोन्ही सूचना एकाच वेळी पाळायच्या आहेत. कशा, ते सांगतो.

सुरुवात झोपेपासून. तुमच्या वयाला सात ते नऊ तास झोप हवी असं डॉक्टर म्हणतात. किती रात्री मिळून, हे त्यांच्याकडून राहून गेलं असावं. तेव्हा सोमवार ते गुरुवार असाइनमेंट उतरवा आणि नऊ तास रविवारी एकरकमी चुकते करा. झोपेत मेंदू वाचलेलं पक्कं करतो म्हणे. पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये एन्डसेमला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, युनिट तीन ते सहा, 70 मार्कांना. त्यातलं युनिट तीन अजून झेरॉक्सच्या दुकानात असेल, तर मेंदूला उगाच रात्रपाळी कशाला?

जागं राहण्यासाठी कॉफी उत्तम. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री अकराची कॉफी पहाटे चारलाही अर्धी ड्युटीवर असते. चारला अंथरुणाला पाठ टेकवाल तेव्हा डोळे छताकडे लागतील. तो वेळ आत्मपरीक्षणासाठी राखून ठेवा.

आहार संतुलित असावा. सकाळी चहा-क्रीमरोल, रात्री मॅगी, मध्ये मेसची ती भाजी जिचं नाव काकूंनाही सांगता येत नाही. घरून फोन येईल. आई विचारेल, ‘जेवलास का?’ हो म्हणा. बाबा विचारतील, ‘अभ्यास कसा चाललाय?’ चाललाय म्हणा. मग फोन काकांकडे जाईल आणि ते शेजारच्या मुलाचं पॅकेज सांगतील. या क्षणी दीर्घ श्वास घ्या. यालाच प्राणायाम म्हणतात.

वेळापत्रक मात्र देखणं हवं. चार रंगांचे हायलायटर आणा, विषयवार चौकटी आखा, भिंतीवर चिकटवा, फोटो काढून स्टेटसला ठेवा. एवढं झाल्यावर थकवा येतोच. त्या दिवशी आणखी काही करू नये.

आता मुख्य गोष्ट. परीक्षेच्या तोंडावर कॉलेज ‘ताण व्यवस्थापन’ या विषयावर सत्र ठेवतं. ते चुकवू नका. म्हणजे चुकवता येणारच नाही, कारण हजेरी सक्तीची आहे आणि तुमची 75 टक्क्यांची गाडी 71 वर अडकलीय. सेमिनार हॉलचा एसी बंद असेल. पहिली 40 मिनिटं दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचा परिचय. मग पाहुणे सांगतील की वेळेचं नियोजन करा. हे ऐकताना तुमचा अख्खा दुपारचा वेळ चाललाय, हा विचार नकारात्मक आहे, तो झटकून टाका. शेवटी सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि मन शांत करायचं. मन शांत होतंय न होतंय तोच फोटोग्राफर ओरडेल, ‘मागच्या रांगेतले पुढे या, खुर्च्या रिकाम्या दिसतायत!’ कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फाइलला जिओटॅग केलेला फोटो लागतो. तुमच्या मनःशांतीला अक्षांश-रेखांश मिळाले की कार्यक्रम यशस्वी. घरी जाऊन फीडबॅक फॉर्म भरा. ‘सत्रानंतर ताण कमी झाला का?’ या प्रश्नाला ‘पूर्णपणे सहमत’ हाच पर्याय निवडा, फॉर्मवर रोल नंबर आहे.

काउन्सेलर? आहेत की! जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. आमच्या ओळखीच्या एका कॉलेजने तत्परतेने खोलीच्या दारावर पाटी लावली. भेटायचं असेल तर अर्ज लिहा, त्यावर क्लास टीचरची सही घ्या, मग एचओडींची, म्हणजे विभागप्रमुखांची. अर्जात कारण सविस्तर लिहा, म्हणजे गोपनीयता नेमकी कशाची राखायची ते सगळ्यांना कळेल. परीक्षेच्या काळात मात्र खोली मिळणार नाही, तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात.

तोवर अगदीच असह्य झालं तर 14416 ला फोन लावा. टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, 2022 पासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतूनही. पलीकडचा माणूस खरोखर ऐकून घेतो. फक्त तिथे हजेरी लावत नाहीत, तेव्हा टर्मवर्कला त्याचे मार्क धरले जाणार नाहीत.