योजना असताना देणगी कशाला?

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. ‘महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचा उपचार फुकट होतो, त्यामुळे ब्लड कॅन्सरच्या नावाने मदत मागणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. तो पैसा औषधाला जातच नाही, नातेवाइकांच्या राहण्या-जेवणावर खर्च होतो. शिवाय हा आजार बरा होत नाही,’ असा त्याचा मथितार्थ. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक दिशाभूल करते.

या योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि तिने अनेक घरे कर्जापासून वाचवली आहेत, हे निर्विवाद आहे. मात्र योजना पैसे देते ते रुग्णालयाला, ठरावीक उपचारांसाठी. नांदेडहून मुलाला घेऊन परळला आलेल्या शेतमजुराची बुडालेली मजुरी, मुंबईतले खोलीभाडे किंवा गावी आजीकडे ठेवलेल्या धाकट्या मुलीचा खर्च त्यात बसत नाही.

‘राहण्या-जेवणावर खर्च’ हा आक्षेप तर आजाराची काहीच माहिती नसल्याचे दाखवतो. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ‘ए.एल.एल.’ या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिल्या काही महिन्यांतल्या तीव्र केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणजे आई-वडिलांच्या भाषेत ‘काउंट पडतात’, आणि अशा वेळी ताप आला तर शक्यतो तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. ते मूल रुग्णालयाबाहेरच्या फूटपाथवर राहिले, तर संसर्ग ठरलेलाच. गावी नेले, तर तो एक तास एस.टी.च्या थांब्यावरच संपतो. दंडात बसवलेल्या ‘पिक लाइन’चे, म्हणजे शिरेतून औषध देण्याच्या बारीक नळीचे, ड्रेसिंग दर आठवड्याला बदलावे लागते आणि ती जागा कोरडी ठेवावी लागते, सार्वजनिक नळावर मुलाला अंघोळ घालणाऱ्या आईने ते कसे सांभाळायचे? म्हणूनच दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि 2006 पासून काम करणारी सेंट ज्यूड्स ही संस्था जे छप्पर देतात, ते उपचाराचाच भाग आहे. सेंट ज्यूड्सच्या केंद्रांत कुटुंबाला स्वतंत्र जागा मिळते आणि स्वयंपाकघरात आईला स्वतःच्या हाताने ताजे शिजवता येते. पुढे घरी घ्यायच्या गोळ्यांचा टप्पा येतो. तेव्हा तपासणीतल्या काउंटनुसार कधी एक, कधी अर्धी गोळी ठरते. ती तपासणी चुकली की डोसही चुकतो.

‘आजार बरा होत नाही’ हे विधान सर्वांत घातक, कारण ते ऐकून माणसे उपचार अर्ध्यावर सोडतात. ए.एल.एल. झालेल्या मुलांपैकी प्रगत देशांत दहापैकी साधारण नऊ बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण घटण्यामागे उपचार मध्येच सुटणे हेही एक मोठे कारण आहे. आणि कमावता बापच रुग्ण असेल तर? ‘सी.एम.एल.’ या रक्ताच्या कर्करोगाच्या प्रकारात इमॅटिनिबची रोजची गोळी घेऊन माणूस वर्षानुवर्षे कामावर जाऊ शकतो. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च एके काळी लाखाच्या घरात होता. तेव्हा मॅक्स फाउंडेशन या सेवाभावी संस्थेमार्फत हजारो भारतीय रुग्णांना त्या मोफत मिळाल्या. एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली. त्या मदतीवर ज्यांच्या घरचा कर्ता जगला, त्यांना हा संदेश वाचून काय वाटत असेल?

संदेशातली सावधगिरी मात्र मी नाकारत नाही. मोबाइलवर येणारे रडणाऱ्या मुलाचे छायाचित्र आणि खाली कुणाचा तरी वैयक्तिक क्यू.आर. कोड, यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी करावी आणि रक्कम रुग्णाच्या नावाने रुग्णालयाच्याच खात्यात भरावी.

तरीही पैशाबाबत मन साशंक असेल, तर प्लेटलेट द्याव्यात. रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या या पेशीही केमोथेरपीने घटतात, तेव्हा रुग्णाला त्या बाहेरून द्याव्या लागतात. यंत्राद्वारे प्लेटलेट काढण्यास साधारण दीड-दोन तास लागतात. त्या पाच दिवसांपलीकडे टिकत नसल्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, आणि दिवाळीत किंवा मे महिन्यात नेहमीचे दाते गावी गेले की रक्तपेढीला एकेका पिशवीसाठी फोन फिरवावे लागतात.