तुझं काय आलं, तुझं काय आलं... अरे घरी जाऊ द्या ना!

पेपर संपल्याची बेल झाली की माणसाला जरा श्वास घेऊ द्यावा, एवढीच अपेक्षा आहे. पण नाही. अजून पेनाचं टोपण लागलेलं नसतं, पुरवणीची गाठ नीट बसलीये का ते बघत असतो आपण, सुपरवायझर मॅडम अजून पुढच्या बाकापाशी आहेत, आणि मागून पाठीत पेन टोचतंय. "ए, लिफ्टवाल्याचं काय आलं?"

बरं, फिजिक्सचा पेपर. मराठीचा असता तर कोणी विचारलं असतं का, की निबंधात काय आलं तुझं? भूगोलात पण एवढं होत नाही. फिजिक्सचा पेपर झाला की मात्र सगळ्यांच्या अंगात येतं, कारण इथे शेवटी एक आकडा असतो, आणि आकडा म्हटलं की ताडून बघायचा, तो जुळला नाही की समोरच्याच्या जिवाला घोर लावून मोकळं व्हायचं.

आता ते लिफ्टचंच घ्या. 50 किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट वर चाललीये, पण तिचा वेग कमी होतोय, दर सेकंदाला 2 मीटर पर सेकंदने, तर काटा किती न्यूटन दाखवेल. पेपर काढणाऱ्याने आधी ठळक 'वर' लिहिलंय आणि 'वेग कमी होत' हे मागून हळूच घुसवलंय, हा असला खवचटपणा. वेग कमी होतोय म्हणजे प्रवेग खालच्या दिशेला, म्हणजे g मधून, गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगातून, 9.8 मधून 2 वजा करायचे, गुणिले 50, आले 390. ज्यांनी नुसतं 'वर' वाचलं त्यांनी डोळे झाकून बेरीज केली, त्यांचं 590. आणि ज्यांनी g सरळ 10 धरला त्यांचं 400. झालं, कॉरिडॉरमध्ये तीन पक्ष. आणि गंमत म्हणजे 390 वाले आणि 400 वाले एकमेकांवर सगळ्यात जास्त ओरडतायत, अरे तुमची पद्धत एकच आहे रे, फक्त g वेगळा घेतलाय, तुम्ही का भांडताय! तोपर्यंत 590 वाले बाजूला निवांत उभे, कारण ते जास्त आहेत. "आमच्या सगळ्या लाइनचं 590 आलंय म्हणजे तेच असणार." का? मतदान होतं का? आणि सगळ्या लाइनचं सारखं कसं आलं तेही मला माहितीये, पण तो विषय वेगळा.

त्यावर अजून एक युक्तिवाद असतो जो माझ्या प्रचंड डोक्यात जातो. "अरे पण 590 ऑप्शनमध्ये होतं ना!" असणारच ना ऑप्शनमध्ये!! चुकीचे पर्याय काय आभाळातून पडतात का? पोरं कुठे घसरणार हे काढणाऱ्याला पक्कं माहिती असतं, बेरीज करणाऱ्याचं काय येईल, g विसरणाऱ्याचं काय येईल, ते आधी काढून बघतात आणि तेच आकडे पर्यायात टाकतात. तुमचं उत्तर ऑप्शनमध्ये सापडलं याचा अर्थ एवढाच की तुमच्याआधी खूप जण त्याच खड्ड्यात पडलेत.

आणि तो एक छातीठोक माणूस. प्रत्येक वर्गात असतोच, आमच्यातही आहे. त्याला कधी 'मला वाटतं' म्हणता येत नाही, डायरेक्ट निकाल. चेंडू सरळ वर फेकला, अगदी टोकाला पोचला, त्या क्षणी प्रवेग किती? तर हा म्हणतो शून्य. का तर म्हणे चेंडू थांबला. आणि इतक्या जोरात म्हणतो की आजूबाजूची चार पोरं, ज्यांनी बरोबर लिहिलं होतं, ती बिचारी 'अरे यार चुकलं' म्हणून डोकं धरून बसली. अरे वेग शून्य झाला, प्रवेग कसा होईल शून्य? गुरुत्वाकर्षण काय तेवढ्यापुरतं चहा प्यायला गेलं? वेगही शून्य आणि प्रवेगही शून्य असता तर तो चेंडू तिथेच वर लटकून राहिला असता, खाली आलाच नसता. 9.8 च आहे, खालच्या दिशेला, वर जातानाही, टोकालाही आणि खाली येतानाही. हे मी त्याला सांगितलं तर म्हणतो, "तू क्लासला नव्हतास त्या दिवशी." काय बोलणार यापुढे!

दुसरा नमुना रडका. "संपलं रे, मी फेल आहे यात, मला काहीच आलं नाही." आपण पण भोळे, आपण त्याला धीर देतो, होईल रे काहीतरी, पेपरच अवघड होता वगैरे. आणि मग हळूहळू कळतं की याचं 'काहीच आलं नाही' म्हणजे शेवटच्या डेरिव्हेशनमध्ये आकृतीला बाण द्यायचा राहिला. निकालाच्या दिवशी हाच वर असतो यादीत. पुढच्या पेपरला परत तेच रडगाणं, आणि आपण परत धीर देतोय.

तिसरा जास्त घातक, तो प्रश्नपत्रिकेवर समासात बारीक अक्षरात सगळी उत्तरं उतरवून आणतो. म्हणजे परीक्षेत याला तेवढा वेळ होता! बाहेर आला की त्याच्याभोवती घोळका. आरशाचं आलं त्यात. अंतर्वक्र आरसा, नाभीय अंतर 15 सेमी, वस्तू 10 सेमीवर, प्रतिमा कुठे. याने लिहिलंय 6. कोणाचं तरी 30. लगेच एकाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, त्याच्या पाठीवर कागद ठेवून गणित परत सोडवायला घेतलं, तो ओरडतोय की पेन टोचतंय, याचं लक्षच नाही. आणि परत 6 च आलं, कारण परत तीच चूक केली, u ला, म्हणजे वस्तूच्या अंतराला, मायनस दिला आणि f ला, म्हणजे नाभीय अंतराला, द्यायचा विसरला. दोन्हीला मायनस आहे बाबा, दोन्ही आरशाच्या पुढे आहेत. मग 30 येतं, प्लस, म्हणजे आरशामागे, आभासी, तिप्पट मोठी. आणि गणितात न जाता पण कळायला हवं ना, वस्तू नाभीच्या आत ठेवली की अंतर्वक्र आरसा मोठं करूनच दाखवतो, 6 आलं तर प्रतिमा वस्तूपेक्षा लहान होते, तिथेच शंका यायला पाहिजे. पण नाही, दोनदा सोडवून दोनदा सारखं आलं म्हणजे बरोबर, असा हिशोब.

मला सगळ्यात जास्त चीड याची येते की नुसता शेवटचा आकडा विचारतात. कसं केलं ते कोणी विचारत नाही. मोठ्या गणिताला नुसत्या उत्तराचे मार्क नसतात हे वर्षभर सगळे सर कानीकपाळी ओरडून सांगतात, सूत्र लिही, किमती घाल, एकक लिही, त्याचे वेगळे मिळतात. त्या बॅटरीच्या गणितात 12 व्होल्ट, अंतर्गत रोध 1 ओहम, बाहेर 6 आणि 3 समांतर, म्हणजे बाहेरचे झाले 2, एकूण 3, करंट 4 अँपिअर. एकीने अंतर्गत रोध धरलाच नाही, तिचं 6 आलं. बरं चुकलं, पण समांतरचे 2 ओहम तर बरोबर काढलेत ना तिने, तेवढ्याचे तरी मिळतील की. पण तिला तिथेच सगळ्यांनी मिळून सांगितलं, "गेले तुझे सगळे मार्क." ती रडायला लागली. मग म्हणे अगं आम्ही सहज म्हटलं. सहज काय सहज! काही बदलता येणार आहे का आता, गठ्ठा बांधून गेला पण ऑफिसात!

आणि घरी आलो तरी सुटका नाहीच. ग्रुपवर रात्रीपर्यंत टुंगटुंग चालू. कोणीतरी कुठल्यातरी ॲपमधून पेपर सोडवून टाकला, दुसऱ्याने दुसऱ्या ॲपमधून, दोघांची उत्तरं जुळत नाहीत, आता ॲपवरून भांडण. एकाने सरांना मेसेज केला, सरांनी सोडवून द्यायचं सोडून 'पेपर अवघड नव्हता, फक्त विचार करायला लावणारा होता' असं लिहून अंगठा पाठवला. धन्यवाद सर, फार मदत झाली. त्यात घरचे, "शेजारच्याने पूर्ण पेपर सोडवला म्हणे, तू?"

अरे परवा केमिस्ट्री आहे! ऑरगॅनिकची नावं एकालाही येत नाहीत ग्रुपवर, ते सोडून हे अजून लिफ्टमध्येच अडकलेत. मी ग्रुप म्यूट केला तर एकाने पर्सनलवर फोटो टाकला, त्या आरशाच्या गणिताचा, तिसऱ्यांदा सोडवलेला, खाली लिहिलंय 'आता बघ, 6 च येतंय'.

ब्लॉक केलंय. केमिस्ट्री झाली की काढेन. आणि परवा बेल झाल्यावर ज्याने मला पेन टोचलं त्याचं पेन मी घेऊन जाणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.