रझाकारही स्वयंसेवकच होते की

17 सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिन, जवळ आला की गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. 'मराठवाडा पोरांनीच सोडवला, फौज नुसती फोटोला आली. स्वित्झर्लंडसारखी घरोघरी बंदूक द्या, गावोगाव दलं उभी करा. मग एवढं लष्कर पोसायचं कशाला?'

फौज फोटोला आली नव्हती. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून रणगाडे निघाले आणि नळदुर्गला बोरी नदीच्या पुलासाठी हैदराबादच्या निझामाच्या पायदळाशी लढाई झाली. 17 ला निझाम शरण आला. ते काम गावठी बंदुकांचं नव्हतं.

पोरांचं मोलही कमी नाही. निझामाविरुद्ध लढणाऱ्या या पोरांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांनी करोडगिरीची (जकातीची) नाकी जाळली, 30 जानेवारी 1948 ला उमरीची बँक लुटली. पण त्यांच्या डोक्यावर स्वामी रामानंद तीर्थांची हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संघटना होती, आणि मुक्तीनंतर कॅम्प मोडले. मेसेजवाले हेच सोयीनं गाळतात.

आता घरोघरच्या बंदुकीचं. रझाकार या शब्दाचा अर्थच स्वयंसेवक. लातूरच्या एका वकिलानं, कासीम रझवीनं, निझामाच्या बाजूची ही दलं राज्यभर वाढवली. ती आमच्या गावात आली तेव्हा आजी दहा वर्षांची होती. तिला नि धाकट्या भावाला रिकाम्या पेवात उतरवून वर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या होत्या. आत अंधार, नि कुजलेल्या ज्वारीचा वास. रझाकारांबद्दल तक्रार कुणाकडे करायची? पोलीसच त्यांना सलाम ठोकायचे. आजही कुणी दांडगाई केली की आमच्याकडे 'काय रझाकारी लावलीय' म्हणतात, ते उगाच नाही. आणि रणगाडे आले तेव्हा ही दलं पाच दिवसही टिकली नाहीत.

स्वित्झर्लंडचं थोडक्यात: तिथं ती बंदूक सक्तीच्या लष्करी सेवेतून घरी येते, आणि 2007 पासून सरकारनं घरातल्या गोळ्याही परत मागवल्या.

जम्मूच्या डोंगराळ गावांत 1995 मध्ये ग्रामरक्षण समित्या निघाल्या, 2022 पासून त्यांच्या जागी ग्रामरक्षक आहेत, हे खरं. पण त्यांना बंदुका पोलिसांकडून मिळतात, नि हिशेबही पोलिसांनाच द्यावा लागतो.

ज्याला खरंच काही करायचंय, त्याला टेरिटोरियल आर्मी आहे; नोकरी-धंदा सांभाळून वर्दी घालता येते. होमगार्ड तर तालुक्यालाच आहे. गेल्या विसर्जनाला आमच्या चौकात दोघं पहाटेपर्यंत भिजत उभे होते, आणि मेसेज टाकणारे डीजेपुढे नाचत होते.