आर्माडिलोला म्हणे शत्रूच नाहीत!

"आर्माडिलोच्या अंगावर जन्मजात चिलखत असतं. धोका दिसला की तो चेंडू होऊन बसतो. त्यामुळे त्याला शत्रूच नाही आणि तो जगात कुठेही राहू शकतो." आर्माडिलो म्हणजे अमेरिका खंडांत राहणारा, अंगावर कवच असलेला सस्तन प्राणी. त्याच्याबद्दलचा हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. मला आला तेव्हा सोबत फोटो खवल्या मांजराचा होता, पण ते सोडून देऊ.

आधी चेंडू. आर्माडिलोच्या वीसेक जाती आहेत आणि पुरता चेंडू होणं जमतं ते फक्त तीनपट्टी (कवचावर तीन पट्टे असलेल्या) आर्माडिलोच्या दोन जातींना. अमेरिकेत दिसणारा नऊपट्टी आर्माडिलो दचकला की सरळ तीन-चार फूट उंच उडी मारतो. शिकारी क्षणभर बिचकतो, तेवढ्यात हा पसार. पण अंगावरून गाडी जात असतानाही तो अशीच उडी मारतो. एरवी चाकांच्या मधून सहज वाचला असता, पण उडीमुळे गाडीच्या तळाला आदळून मरतो.

शत्रू नाहीत? मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाच्या कॉक्सकोंब खोऱ्यात १९८०च्या दशकात जग्वारची (बिबट्यासारख्या मोठ्या शिकारी प्राण्याची) विष्ठा तपासली, तर सर्वांत जास्त अवशेष आर्माडिलोचेच निघाले. प्यूमा (तिकडचं मोठं रानमांजर), कोयोटी (लांडग्याचा छोटा भाऊबंद) आणि मगरीच्या जातीचा ॲलिगेटरही त्याला खातात. पिल्लांचं कवच तर सुरुवातीला चामड्यासारखं मऊ असतं.

कवचाचा खरा उपयोग वेगळाच आहे. पाठलाग सुरू झाला की नऊपट्टी आर्माडिलो काटेरी झुडपात घुसतो. त्याला काटे बोचत नाहीत, मागच्याला बोचतात. बिळापर्यंत पोचला, तर आत पाठ कमानीसारखी फुगवून पाय मातीत रोवतो. मग शेपूट धरून कितीही ओढा, सहजासहजी निघत नाही. म्हणजे नुसतं कवच पुरत नाही, जवळ झुडूप हवं आणि खणता येईल अशी माती हवी.

"कुठेही राहू शकतो" हा तर कळसच! नऊपट्टीच्या अंगावर चरबी बेताची, केस नावाला, आणि तो शीतनिद्राही घेत नाही. जमीन उकरून किडे-अळ्या खायच्या. जमीन गोठली की उपासमार. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पाटागोनियातला पिची नावाचा आर्माडिलो थंडीत शीतनिद्रा घेतो, पण तो अपवाद. अर्जेंटिनातला गुलाबी आर्माडिलो जेमतेम तळहाताएवढा, त्याला भुसभुशीत वाळूच लागते.

एक गोष्ट मात्र मान्य. नऊपट्टी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मेक्सिकोच्या सीमेवरची रिओ ग्रांदे नदी ओलांडून अमेरिकेतल्या टेक्सासात आला आणि आज उत्तरेकडच्या नेब्रास्का, इंडियाना राज्यांपर्यंत पोचलाय. माणसाने मोठे शिकारी मारून टाकले, हे त्याच्या पथ्यावर पडलं असावं. पण शिकारी नसणं एवढंच पुरेसं असतं, तर तो पश्चिमेकडेही तसाच पसरला असता. तिकडे माती कोरडी, टणक. पश्चिम टेक्सासात तो दिसतो तो बहुतेक नदी-ओढ्यांच्या काठाकाठानेच.