मुलांचं भलं झालं की नाही, हे ठरवायचं कोणी?

एका डॉलरला सात डॉलर. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल शाळकरी मुलांच्या मेंटरिंगचा, म्हणजे मोठ्यांनी सोबत राहून मार्गदर्शन करण्याचा, विषय निघाला की हा आकडा हमखास पुढे येतो. 2005 साली जॅक मॅनिंग बॅनक्रॉफ्ट या तरुणाने सिडनी विद्यापीठातले 25 विद्यार्थी आणि रेडफर्नजवळच्या शाळेतली 25 मुलं यांची गाठ घालून दिली. त्यातून ‘एम’ ही संस्था उभी राहिली. 2013 मध्ये केपीएमजी या हिशेबतपासणी आणि सल्ला देणाऱ्या कंपनीने तिचा हिशेब मांडला : खर्चलेल्या दर डॉलरमागे अर्थव्यवस्थेला सात डॉलरचा फायदा. संस्थेचं काम मला मनापासून आवडतं. पण कार्यक्रम चांगला आहे की नाही याचं उत्तर म्हणून हा आकडा तोंडावर फेकला जातो, ते मला अजिबात पटत नाही.

असल्या हिशेबाचा सगळा भार एका प्रश्नावर असतो : कार्यक्रम नसता तर याच मुलांचं काय झालं असतं? बहुतेक अहवाल इथे सोपी वाट धरतात आणि मुलांची तुलना अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या देशभरच्या सरासरीशी करतात. त्या सरासरीत नॉर्दर्न टेरिटरीच्या अगदी आतल्या वस्त्यांमधली, हायस्कूलसाठी घर सोडून शेकडो किलोमीटर लांब जावं लागणारी मुलंही येतात. विद्यापीठाच्या जिवावर चालणारं मेंटरिंग साहजिकच विद्यापीठाच्या आसपासच्या मुलांपर्यंत पोहोचतं. त्या दोघांची तुलना करून काय कळणार?

शिवाय मुलं निवडतं कोण? बऱ्याचदा शाळाच. आणि शाळा पाठवते ती नियमित येणारी, दंगा न करणारी मुलं. पर्थमध्ये 2000 साली सुरू झालेल्या क्लॉन्टार्फ फाउंडेशनचं उदाहरण घ्या. फुटबॉलच्या ओढीने मुलगे शाळेत टिकावेत ही त्यांची कल्पना, आणि ती उत्तमच आहे. पण कार्यक्रमात राहायचं तर शाळेत नियमित यायला हवं, ही तिथली अट आहे. मग टिकलेल्या मुलांची हजेरी चांगली दिसणारच! नववीत नाव घातलेले किती होते आणि त्यातले बारावीपर्यंत किती पोहोचले, हे मला कळायला हवं. बारावीच्या वर्गापासून मोजायला सुरुवात केली तर गळती आधीच होऊन गेलेली असते.

मी स्वतः इथे, ऑस्ट्रेलियात, एका शाळेत संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला मदत करते. वर्षाअखेरीला फॉर्म येतो : ‘मला माझ्या भविष्याबद्दल आत्मविश्वास वाटतो’, एक ते पाच. दहावीतल्या एका मुलाने शेजाऱ्याशी रग्बीच्या मॅचबद्दल बोलत बोलत सगळीकडे चारवर गोल केला, वरून खालपर्यंत एका ओळीत, आणि पेन परत दिलं. नंतर त्याने शाळा सोडली आणि इलेक्ट्रिशियनच्या अ‍ॅप्रेंटिसशिपला लागला. कामाच्या आदल्या रात्री बूट दारात काढून ठेवतो, असं त्याची आजी कौतुकाने सांगत होती. आमच्या अहवालात तो ‘बारावी अपूर्ण’ या रकान्यात गेला. खरं तर सरकारचं स्वतःचं उद्दिष्टही इतकं आखडतं नाही. 2031 पर्यंत 20 ते 24 वयाच्या 96 टक्के मूळनिवासी तरुणांनी बारावी किंवा तिच्या तोडीचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं, असं ते सांगतं. 2021 च्या जनगणनेत हे प्रमाण 68 टक्के होतं. म्हणजे हा मुलगा प्रशिक्षण संपवेल तेव्हा देशाच्या खात्यात जमा होणार आणि आमच्या खात्यात नापासच राहणार.

त्या आजीला फॉर्म या प्रकाराचीच चीड आहे, आणि ती का नसावी? गोऱ्या पालकांनी तक्रार केली की अ‍ॅबोरिजिनल मुलाला शाळेबाहेर काढायचं, ही मुभा न्यू साउथ वेल्समध्ये 1902 पासून होती. ती पूर्णपणे गेली 1972 मध्ये. मुलांना आईबापांपासून तोडून नेणारी सरकारी खातीसुद्धा त्यांच्या फायली ठेवतच होती. ज्यांच्या पोरांची नोंद झाली ती त्यांना हिरावून नेण्यासाठी, त्यांच्याकडून आज ‘डेटा’ मागताना आधी त्यांची परवानगी लागते, आणि काय मोजायचं हे ठरवताना त्यांची जागा लागते. मायम नायरी विंगारा या अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळनिवासी) लोकांच्या गटाने 2018 मध्ये हेच मांडलं : आमच्याबद्दलच्या माहितीवर आमचा हक्क. प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारला सल्ला देणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये मूल्यमापनाचं धोरण आखलं, त्याच्याही केंद्रस्थानी याच समाजाची दृष्टी आणि प्राधान्यं आहेत. कागदावर सगळं आहे. पण 2024 च्या आढाव्यात त्याच कमिशनला लिहावं लागलं की सरकारांनी या समाजाला दिलेले शब्द बहुतांशी पाळले नाहीत.

एक गोष्ट तर क्वचितच कोणी मोजतं : मधेच सोडून गेलेले मेंटर. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला, आणि फार लवकर तुटलेल्या जोड्यांमधल्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट घटला. म्हणजे नुकसानही होतं. परीक्षा आल्या म्हणून विद्यापीठातली ताई यायची बंद झाली, तर ते अहवालात यायला नको?

महाराष्ट्रात आदिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या, आणि त्या कामाला परदेशातून पैसे पाठवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हे तुमच्यासाठीही लिहिते आहे. नंदुरबारच्या आश्रमशाळेचा दहावीचा निकाल तुम्हाला दाखवला जाईल. तेव्हा दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली आणि परत न आलेली मुलं त्यात धरली आहेत का, हे विचारा. दादा-ताई किती महिने टिकले, तेही विचारा. आणि प्रश्नावली ठरवताना पाड्यावरचं कोणी बसलं होतं का? बसलं नसेल तर पुढच्या हप्त्याआधी बसवा, आणि त्यांची दिवसभराची मजुरी बुडते ती भरून द्यायची तरतूद त्याच देणगीत ठेवा.