दात पाडलेली मशीन

छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांच्या वह्यांवर लाल शाईने ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर शिलाई मशीनच्या वाटेला जाऊ नये. पण सौ.ने ब्लाउज शिवण्यासाठी विजेवर चालणारी नवी मशीन घेतली, तिच्या डब्यात उड्या मारणारा एक गोल तोंडाचा फूट, म्हणजे सुईपाशी कापड दाबणारा भाग, निघाला, आणि त्याने गोधडीवर हवी तशी वेलबुट्टी काढता येते हे कळल्यावर मला राहवले नाही. या प्रकाराला फ्री मोशन क्विल्टिंग म्हणतात. त्यातला मोकळेपणा कापडापुरता आहे. माणूस पुरता अडकतो.

पहिली अट अशी की मशीनचे दात पाडायचे. सुईखालच्या पट्टीतून वर येऊन कापड ओढणारे जे दात असतात, ते मागची कळ सरकवून खाली बसवायचे, म्हणजे कापड कोणत्याही दिशेला फिरवता येते. वर, पुढे, खाली, मागे अशा चार हालचालींनी कापड सरकवण्याच्या या युक्तीचे पेटंट ॲलन विल्सन या अमेरिकी कारागिराने १८५४ मध्ये घेतले होते. इतक्या कर्तबगार अवयवाला रजेवर पाठवून त्याचे काम माझ्या दोन हातांवर का सोपवायचे, हे मी आईला समजावून सांगत होतो. बाजेवर बसून हाताने गोधडी शिवणारी ८४ वर्षांची आई आपले बोळके पसरून म्हणाली, “माये बी दात पडले बाप्पा, मी कुठं नक्षी काढली?”

खरी गंमत पुढे आहे. लिहिताना कागद जागच्या जागी असतो आणि पेन्सिल फिरते. इथे सुई जागची हलत नाही, कागदच फिरवावा लागतो. शिवाय टाक्याचे माप मशीन ठरवत नाही, तर पायाचा वेग आणि हाताचा वेग यांचा मेळ ठरवतो. पाय जोरात आणि हात मंद असला की टाके मोहरीएवढे पडतात. हात धावला आणि पाय रेंगाळला की ढांगा पडतात. वळणावर हात झटकन फिरवला, तर खालच्या बाजूने दोरा ओढला जाऊन पापण्यांसारखे फाटे दिसू लागतात. ९०/१४ नंबरच्या दोन सुया तर मी पहिल्याच दुपारी मोडल्या, कारण सुई कापडात रुतलेली असताना मी कापड ओढले.

तिसऱ्या दिवशी कापडाखाली दोऱ्याचे असे जाळे झाले की त्यात चिमणी संसार थाटू शकली असती. मी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी, बदलली, दोऱ्याचा ताण ठरवणारी टेन्शनची चकती फिरवली आणि शेवटी दुकानदाराला फोन करून, सेवेत असताना मुलांनाही ऐकवले नसेल असे भाषण ऐकवले. तेवढ्यात सौ.ने येऊन फुटाचा दांडा खाली पाडला. हा फूट खाली असतानाही कापडापासून किंचित अधांतरीच दिसतो, म्हणून तो वर राहिल्याचे माझ्या ध्यानात आले नव्हते. आणि दांडा वर असला की टेन्शनच्या चकत्या दोरा धरतच नाहीत. दुकानदाराची क्षमा मात्र मला स्वतःच मागावी लागली, त्या कामी सौ. पुढे आली नाही.

मे महिन्यातले यवतमाळकडचे ऊन म्हणजे घामाने हात निसटणार हे ठरलेले. कापडावर पकड यावी म्हणून मी फवारणीसाठी आणलेले कोरे रबरी हातमोजे चढवले. खिडकीतून डोकावणारा शेजारी म्हणाला, “गुरुजी, अजून पेरनी व्हायची हाये, तुमी फवारनी काऊन सुरू केली?” कूलर लावला तर दोरा उडतो, बंद केला तर मी वितळतो, आणि दोन्हींवर तोडगा निघेपर्यंत वीज जाते. सुई अर्ध्या वेलांटीत थांबते. आईची सुई मात्र चालूच असते.

अखेर हातभर लांबीरुंदीचा एक तुकडा पुरा झाला. घरच्याच कापसाची पिंजून आणलेली भर, त्यावर दर वीतभर अंतरावर सेफ्टी पिना, आणि मध्यापासून काठाकडे जाणारी एकच नागमोडी रेघ, जिने स्वतःला कुठेही ओलांडायचे नसते. माझ्या रेघेने स्वतःला अकरा ठिकाणी ओलांडले. सौ.ने चष्मा लावून तुकडा दोन्ही बाजूंनी तपासला, खडूची वडी उचलली आणि कोपऱ्यात लिहिले, ‘अक्षर सुधारा. पालकांची सही आणावी.’

मी तुकडा निमूटपणे बाजेवर नेला. आईला लिहिता येत नाही. तिने हातातल्या सुईने शेऱ्याखाली तीन टाके घातले. मी पट्टी लावून पाहिली. तिन्ही टाके एकाच मापाचे होते.